नकाशाआधी नाका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कल्पित जगांविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. फासे, कागद आणि पेन्सिल एवढ्या सामग्रीवर चालणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांची, म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांची, आणि त्यातही त्या खेळांमधल्या नगरांची, इतकी सविस्तर दखल वृत्तपत्रांतून क्वचितच घेतली जाते. त्याबद्दल लेखकाचे आणि आपले आभार. तक्रार आहे ती लेखाच्या रोखाविषयी. ढगांत शिरलेले मनोरे, सोनेरी घुमट, तटावरून दिसणारा समुद्र अशी वर्णने लेखात पुष्कळ आहेत आणि शेवटी नवोदितांना सल्ला दिला आहे की आधी शहराचा नकाशा काढावा, बाकीचे मग आपोआप सुचत जाते. मी बरीच वर्षे डंजन मास्टर म्हणून, म्हणजे खेळाडूंसमोर बसून ते जग चालवणारा माणूस म्हणून, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यांतलाच एक खेळ चालवत आलो आहे. हा सल्ला मी एकदा तंतोतंत पाळला होता, आणि त्याचे काय झाले ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या त्या कॅम्पेनमधल्या, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग कथेतल्या, राजधानीला ७ तट होते, ११ दरवाजे होते आणि नकाशावर नावानिशी दाखवलेल्या ६३ गल्ल्या होत्या. शहर उंच डोंगरमाथ्यावर वसवले होते, कारण तिथे ते शोभून दिसत होते. खेळाडू वेशीशी पोहोचले आणि त्यांच्यातल्या चोराची भूमिका करणाऱ्याने पहिलाच प्रश्न टाकला, ‘एवढ्या उंचावर या लोकांना पाणी येते कुठून?’ मी विहिरी आहेत असे सांगून वेळ मारून नेली. त्यावर तो म्हणाला, ‘एवढ्या वस्तीला विहिरी पुरायच्या नाहीत. कुठून तरी पाट आणलेला असणार, त्याचे पाणी साठवायला टाके असणार आणि ते टाके साफ करायला माणूस उतरेल एवढी वाटही असणार. आम्ही दरवाजाने जातच नाही.’ त्या संध्याकाळी कोणी काही चांगले सुचवले असेल तर ते हेच होते; पण माझ्या नकाशात ना पाट होता ना टाके, आणि नकाशावर रंग भरण्यात दोन महिने घालवल्यामुळे तो बदलण्याची माझी तयारी नव्हती. मी नाही म्हटले. मंडळी निमूटपणे दरवाजाने आत गेली, त्यांनी दोन गल्ल्या आणि एक राजवाडा पाहिला आणि पुढच्याच बैठकीत शहर सोडले. ती चिडून गेली असती तर बरे वाटले असते; ती कंटाळून गेली.

पाण्याचा तो प्रश्न कोणी चिकित्सेच्या हौसेने विचारला नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. चोराच्या दृष्टीने शहराचे पाणी म्हणजे शहरात शिरण्याची वाट असते, आणि वेढा घालणाऱ्याच्या दृष्टीने तीच शहराची दुखरी नस असते. कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, पोटात सहाव्या शतकात बांधलेले, ३३६ खांबांवर उभे असलेले पाण्याचे टाके आजही पाहायला मिळते. ज्याने ते चित्रात जरी पाहिले असेल त्याला जमिनीखालच्या भुयारासाठी वेगळी कल्पनाशक्ती ताणावी लागणार नाही. कादंबरीतल्या शहरात वाचक लेखक नेईल तेवढेच फिरतो, चित्रपटात तर चौकटीबाहेरच्या घरांना मागची भिंतही नसली तरी चालते. खेळात मात्र समोरची चार-पाच माणसे कुठल्याही दाराची कडी वाजवू शकतात, आणि आत कोण राहते हे सांगण्याची जबाबदारी खेळ चालवणाऱ्यावर असते. लेखकाच्या नजरेतून नेमका हा फरक सुटला आहे.

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याची पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती. त्याआधीच आर्नेसनचे ब्लॅकमूर आणि गायगॅक्सचे ग्रेहॉक या दोन्ही जागा त्यांच्या त्यांच्या मित्रमंडळींत खेळल्या जात होत्या. दोन्हीकडे खेळाचा जीव होता तो किल्ल्यात आणि त्याखालच्या अंधाऱ्या तळघरांत. पण तळघरातून जखमी होऊन वर आलेल्या माणसांना औषधपाणी लागते, मशाली आणि दोर विकत घ्यावे लागतात, मेलेल्या साथीदाराच्या जागी नवा भाडोत्री शिपाई शोधावा लागतो आणि आणलेला ऐवज कोणाच्या तरी गळ्यात मारावा लागतो. या गरजांपोटीच खेळात गावाला स्थान मिळाले. तिथे मुक्काम करण्याचे कारण आधी आले. देखावा, इतिहास आणि राजघराण्यांच्या वंशावळ्या मागाहून आल्या.

१९७९ साली गायगॅक्सने लिहिलेली दोन गावे अजूनही अभ्यासण्यासारखी आहेत, आणि मला स्वतःला ती पुढच्या काळातल्या कितीतरी जाडजूड शहरग्रंथांपेक्षा सरस वाटतात. त्यातले हॉमलेट हे नुसते खेडे आहे. त्यात घराघरांची नोंद आहे: या घरात कोण राहते, लढायची वेळ आली तर किती जण शस्त्र धरतील, कोणाची श्रद्धा नव्या देवळावर आणि कोणाची जुन्या वनपूजकांच्या पंथावर, कोणाचा पैसाअडका कुठे दडवलेला. गावात एक किल्ला बांधून व्हायचा आहे, म्हणजे काही वर्षांत इथली सत्ता कोणाच्या हाती असेल हे अर्धवट रचलेल्या चिऱ्यांवरूनच कळते. आणि तिथले व्यापारी, ज्यांच्याशी व्यवहार केल्याशिवाय गत्यंतर नाही, तेच आतून शत्रूला सामील आहेत. मनोरे आणि घुमट यांच्या बाबतीत हॉमलेट अगदी दरिद्री आहे, पण तिथे कोणाशीही बोलले तरी त्या बोलण्याची खबर कुठे ना कुठे पोहोचते.

दुसरे गाव म्हणजे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या खेळायला तयार साहसाच्या पुस्तिकेतली सरहद्दीवरची गढी. तिची गंमत अशी की तिथल्या एकाही रहिवाशाला नाव दिलेले नाही. गढीचा मुख्य अधिकारी आहे, सावकार आहे, लोहार आहे, सराईवाला आहे, पण नावे कोरी. अनेकांनी याला लेखकाचा आळस म्हटले आहे. मी तसे म्हणणार नाही. सावकाराला नाव देण्यासाठी आधी त्याच्याकडे दोन वेळा जावे लागते, त्याचा व्याजदर ऐकावा लागतो, आणि मग तो माणूस कसा आहे हे ठरून नाव आपसूक तोंडी येते. माझ्या राजधानीतल्या ६३ गल्ल्यांपैकी एकीचेही नाव माझ्या खेळाडूंना आज आठवत नाही. मलाही ते वही उघडूनच सांगावे लागेल. (जाता जाता नावांविषयी: ज्या नगराचे नाव घेताना मेजाभोवतीच्या चार जणांची चार ठिकाणी जीभ अडखळते, त्या नगराला तिसऱ्या बैठकीत ‘ते बंदर’ एवढेच नाव उरते. हा अनुभव सार्वत्रिक असावा.)

आता पैशाकडे येतो, कारण खेळातल्या नगराचा खरा कस तिथे लागतो आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. २००० साली आलेल्या या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत वस्त्यांची एक सारणी दिली होती. ८१ ते ४०० लोकांची ती वाडी, ४०१ ते ९०० लोकांचे ते खेडे, २,००१ ते ५,००० लोकांचे ते मोठे गाव, आणि २५,००० च्या वर गेले की महानगर. प्रत्येक वस्तीत जास्तीत जास्त किती किमतीची एकेक वस्तू मिळू शकेल याची मर्यादा ठरलेली होती: वाडीत १०० सुवर्णनाणी, खेड्यात २००, मोठ्या गावात ३,०००. संपूर्ण पोलादी चिलखताची किंमत त्या नियमांत १,५०० नाणी होती, तेव्हा चिलखत हवे असेल तर मोठ्या गावापर्यंत पायपीट करण्यावाचून इलाज नव्हता. वस्तीत हातावर असलेली रोकड काढण्याचा हिशेबही दिला होता: मर्यादेची निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला लोकसंख्येच्या एक दशांशाने गुणायचे. म्हणजे २०० लोकांच्या वाडीत ५० गुणिले २०, एकूण १,००० नाणी. सारणी म्हणून हे ढोबळ आहे, बंदराजवळच्या वाडीला आणि वाळवंटातल्या वाडीला एकच माप लावणारे आहे, हे मान्य. पण चार खेळाडू पाठीवर ४,००० नाण्यांची पोती घेऊन एखाद्या वाडीत उतरतात तेव्हा नेमके काय उतरते हे त्या एका गुणाकारातून जितके स्पष्ट होते तितके मला दुसऱ्या कशातून झाले नाही.

राजधानीच्या फजितीनंतर मी पुढचे गाव दहा मिनिटांत केले. नदीकाठी २०० वस्तीची वाडी, पलीकडे नेणारी एकच नाव, एक नावाडी, एक धान्याचे कोठार आणि नाक्यावर बसून पलीकडच्या सरदारासाठी जकात घेणारी एक विधवा. नाव दिले उतारवाडी. खेळाडू तिथे पहिल्यांदा आले ते एक जुने थडगे फोडून, रात्रीच्या वेळी, आणि मागावर माणसे असताना. त्यांनी नावाड्याला उठवले, मुकाट्याने पलीकडे सोडायला सांगितले आणि तोंड बंद ठेवण्याचे म्हणून त्याच्या ओंजळीत २०० सुवर्णनाणी ओतली. त्या आवृत्तीच्या नियमांनुसार साध्या मजुराची दिवसाची मजुरी एक चांदीचे नाणे, आणि दहा चांदीच्या नाण्यांचे एक सुवर्णनाणे. म्हणजे एका रात्रीत त्या माणसाला २,००० दिवसांची, जवळजवळ साडेपाच वर्षांची कमाई मिळाली. मेजाभोवती सगळे हसले, कोणी तरी ‘दानशूर’ म्हणाले, आणि खेळ पुढे गेला. मी वहीत फक्त एक ओळ लिहून ठेवली: नावाडी आता कशाला नाव वल्हवेल?

खेळातले चार महिने उलटल्यावर ते परत त्याच काठावर आले. या वेळी त्यांच्यापैकी एकाच्या अंगात विष भिनत होते आणि वैद्य नदीपलीकडे होता. मी त्यांना सांगितले ते एवढेच: नाव काठावर उलटी घातलेली आहे, फळ्या वाळून सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या आहेत, नावाड्याने वरच्या अंगाला जमीन घेतली आहे आणि तो आता नांगर धरतो, उतार बंद असल्यामुळे जकात बुडाली, म्हणून नाक्यावरच्या बाईला सरदाराच्या माणसांनी उठवून लावले आहे, आणि कोठारात धान्य आहे, पण ते पलीकडे जात नसल्यामुळे कुजू लागले आहे. ज्याने ती नाणी ओतली होती तो खेळाडू माझ्याकडे बघत राहिला. फासे समोर पडलेले होते, पण बराच वेळ कोणी त्यांना हात लावला नाही. यातले काहीही मी शिक्षा म्हणून केले नव्हते, किंबहुना त्यांचे औदार्य खरेच होते. केवळ इतके सोने एवढ्याशा जागेत पडल्यावर ते कुठे वाहत जाईल याचा माग काढला होता.

मोठ्या नगरांना माझा विरोध आहे असा अर्थ कृपया काढू नये. गाजलेली नगरे पाहिली तर तीही याच न्यायाने उभी आहेत. एड ग्रीनवुडच्या ‘फर्गॉटन रेल्म्स’ या १९८७ साली खेळासाठी प्रसिद्ध झालेल्या जगातले वॉटरडीप घ्या. त्याच्या वैभवाची वर्णने पुष्कळ आहेत, पण ते लक्षात राहते ते व्यवसायांच्या संघांमुळे. तिथे शेण-कचरा उचलणाऱ्यांचाही स्वतंत्र संघ आहे, आणि त्यांनी काम थांबवले तर उमरावांचे काय होईल याची कल्पना करायला जादूगार लागत नाही. त्याच शहरातल्या एका प्रसिद्ध सराईच्या मधोमध खोल विहीर आहे, तिच्या तळाशी वेड्या मांत्रिकाचे अथांग भुयार पसरलेले आहे, आणि सराईचा मालक खाली सोडण्याचे एक सुवर्णनाणे व वर ओढून घेण्याचे एक सुवर्णनाणे आकारतो. भुयारातले राक्षस मी विसरलो आहे. परतीचे नाणे खिशात राखून ठेवा, ही सूचना मात्र अजून लक्षात आहे.

कीथ बेकरच्या एबेरॉन या २००४ साली आलेल्या जगातले शार्न हे तर आपल्या लेखकाला हवे तसेच, मनोऱ्यांचे शहर आहे. पण ते मनोरे उगीच उंच नाहीत. ज्या जागी ते शहर वसले आहे तिथे दुसऱ्या एका अद्भुत विश्वाचा प्रभाव झिरपतो, त्यामुळे उड्डाणाची जादू सोपी होते आणि एरवी कोसळावे असे बांधकामही उभे राहते. एकदा हे कारण मान्य केले की पुढचे सगळे ओघाने येते: वर राहणारे श्रीमंत, मध्ये कारागीर आणि व्यापारी, तळाशी गरीब आणि त्याखाली भट्ट्यांत राबणारे मजूर. युद्धकाळात तिथला एक तरंगता काचमनोरा घातपाताने खालच्या वस्तीवर कोसळला. तो भाग त्यानंतर कधी नीट सावरला नाही, आणि खेळाडू आज तिथे गेले तरी त्यांना त्या पडझडीतूनच वाट काढावी लागते. उंचीची किंमत कोणी मोजली हे ते शहर विसरू देत नाही, म्हणून त्याची उंची मला दिखाऊ वाटत नाही.

सिगिलचे उदाहरण आणखी टोकाचे. १९९४ च्या ‘प्लेनस्केप’मधले हे नगर अंगठीसारख्या एका प्रचंड वलयाच्या आतल्या बाजूला वसले आहे, मान वर केली की समोरच्या वस्तीची छपरे दिसतात, आणि शहराला बाहेर असा प्रकारच नाही. शेत नाही, नदी नाही. जे काही येते ते दारांतून येते. कुठलीही कमान, खिडकी किंवा चौकट दुसऱ्या जगात उघडू शकते, मात्र तिची किल्ली तुमच्याकडे हवी, आणि ती किल्ली एखादी वस्तू असेल, हातवारा असेल किंवा नुसता विचार असेल. अशा नगरात धान्याचा व्यापारी म्हणजे कोणते दार कशाने उघडते हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस. पाहताना विलक्षण दिसणारे हे शहर चालते मात्र माझ्या उतारवाडीच्याच नियमाने: आत येण्याची वाट कोणाच्या हातात आहे?

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लोक ड्रॅगनशी लढायला जमतात, त्यांना गटारे आणि जकात यांत रस कशाला असेल? बरोबर आहे. गटारांवर व्याख्यान दिले तर मीही उठून जाईन, आणि वस्तीतल्या प्रत्येक घराची जंत्री आधी लिहून ठेवणे हा माझ्या नकाशाचाच दुसरा अवतार होईल. आधी काहीही सांगायचे नसते. गावात बाहेरून काय येते, गावातून बाहेर काय जाते आणि वेशीवर कोण बसलेले असते, एवढे खेळ चालवणाऱ्याच्या डोक्यात पक्के असले की खेळाडू जे विचारतील त्याचे उत्तर तिथल्या तिथे देता येते, आणि ते उत्तर महिन्यानंतर दिलेल्या उत्तराशी विसंगत जात नाही. ड्रॅगनचे म्हणाल तर तोही अखेर कोणाची तरी गुरे खातो. कोणाची, हे माहीत असले की गावकरी वर्गणी काढून खेळाडूंना बोलावतात आणि लढाईला कारण मिळते.

तेव्हा आपल्या लेखकाने पुढच्या लेखात नवोदितांना दिलेला सल्ला थोडा बदलावा, अशी माझी नम्र सूचना आहे. नकाशा काढूच नये असे मी म्हणत नाही. पण नाक्यावर बसलेल्या माणसाशी निदान एक बैठकभर बोलणे झाल्यावर काढावा.

उतारवाडीत सध्या दगडी धक्का बांधून झाला आहे. खेळाडूंनी नावाड्याच्या पुतण्याला हाताशी धरून नवी नाव घालून घेतली, उठवून लावलेल्या बाईला शोधून परत आणले आणि सरदाराच्या माणसांना एकदा पिटाळलेही. आता जकात सरदाराला द्यायची, वाडीच्या कोठारात जमा करायची की धक्क्याचा खर्च वसूल होईपर्यंत आपणच ठेवायची, यावरून त्यांच्यात आपापसात जुंपली आहे, आणि मागची अख्खी बैठक त्यातच संपली. त्या वाडीचा नकाशा मी अजून काढलेला नाही.

आपला,
एक नियमित वाचक